क्रुगरमध्ये स्वतः गाडी चालवताना: महिना ठरवण्यापासून परतीच्या गेटपर्यंत

दक्षिण आफ्रिकेतल्या क्रुगर राष्ट्रीय उद्यानातून परतलेल्या बऱ्याच जणांची तक्रार सारखीच असते: रोज दिवसभर गाडी चालवली, पण म्हणावं तसं काही दिसलं नाही. जनावरं कमी असतात म्हणून हे होत नाही. ताडोबा किंवा पेंचमध्ये जिप्सी, चालक आणि गाइड मिळतो. कुठे वळायचं आणि कधी परतायचं हे दुसरं कुणी ठरवतं. क्रुगरमध्ये चालक तुम्ही, गाइड तुम्ही आणि घड्याळावर नजरही तुम्हीच ठेवायची. मग नकाशावर एक बोट वरून खाली फिरतं, रोज दीड-दोनशे किलोमीटरचा बेत ठरतो आणि सगळी सहल गाडी पळवण्यात जाते.

उद्यान उत्तर-दक्षिण सुमारे ३६० किमी लांब आणि सरासरी ६५ किमी रुंद आहे. एका सहलीत ते पुरं होत नाही. त्यातला एक तुकडा निवडून तो सावकाश पाहायचा, हे मनाशी पक्कं केलंत तर पुढचे सगळे निर्णय सोपे होतात.

## टप्पा १: महिना ठरवा

मे ते सप्टेंबर हा कोरडा हिवाळा. गवत बसलेलं असतं, झुडपांची पानं विरळ होतात आणि पाणी मोजक्या नद्यांत आणि पाणवठ्यांवर उरतं, त्यामुळे जनावरं तिथे येतातच. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी हाच काळ धरावा. त्यातही ऑगस्ट-सप्टेंबर उत्तम, कारण पाण्याची टंचाई तेव्हा सर्वांत जास्त असते. महाराष्ट्रातल्या शाळांची उन्हाळी सुट्टी मे महिन्यात येते. तेव्हा कोरडा हंगाम नुकताच सुरू झालेला असतो, गवत थोडं उंच असतं, पण हवा छान असते.

दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांना ऊन चांगलंच लागेल. पहिला मोठा पाऊस झाला नसेल तर पाणवठ्यांवर जनावरं भरभरून दिसतात. झाला असेल तर जनावरं पांगतात. नोव्हेंबर-डिसेंबरात इम्पाला या हरणासारख्या प्राण्याची पिल्लं जन्मतात आणि स्थलांतरित पक्षी येतात. पक्षी पाहणाऱ्यांनी तेव्हाच जावं. जानेवारी-फेब्रुवारीत अतिवृष्टीने कच्चे रस्ते आणि नदीतले कमी उंचीचे पूल बंद होऊ शकतात.

सावधान: जूनअखेर ते जुलै, ईस्टर आणि डिसेंबर हे तिथल्या शाळांच्या सुट्ट्यांचे दिवस. कॅम्प, म्हणजे उद्यानातली कुंपणाआडची मुक्कामाची ठिकाणं, आधीच भरतात आणि दिसलेल्या एका सिंहाभोवती वीस गाड्या जमतात.

## टप्पा २: कॅम्प निवडा, मगच विमानाचं तिकीट काढा

इथे लोक क्रम उलटा लावतात. तिकीट आधी काढतात आणि नंतर कळतं की हव्या त्या तारखांना कॅम्पमध्ये जागाच नाही. उद्यान चालवणाऱ्या सॅनपार्क्सच्या संकेतस्थळावर निवासाचं बुकिंग साधारण ११ महिने आधी उघडतं. लोअर साबी, सतारा आणि ओलिफंट्स हे कॅम्प आधी भरतात.

मोठे कॅम्प बारा आहेत, पण ते सारखे नाहीत. दक्षिणेत साबी आणि क्रोकोडाइल या नद्यांमधला पट्टा सर्वांत संपन्न: गेंडे, बिबटे, हत्ती, रानम्हशी. स्कुकुझा, लोअर साबी, क्रोकोडाइल ब्रिज, बर्ग-एन-दाल आणि प्रिटोरियसकॉप हे इथले कॅम्प. मध्यभागात सताराभोवती मोकळी गवताळ मैदानं आहेत. झेब्रे आणि विल्डबीस्ट यांचे कळप आणि त्यांच्यामागे सिंह, कधीमधी चित्ते. ओलिफंट्स नदीच्या उत्तरेला मोपानीचं एकसुरी जंगल लागतं. तिथे हत्ती भरपूर, बाकी जनावरं विरळ. शांतता हवी असलेल्यांना शिंगवेद्झी आणि पुंडा मारिया आवडतील, पण पहिल्या खेपेला तिकडे जाऊ नका.

सहा रात्रींसाठी आमची शिफारस: लोअर साबीला तीन रात्री, सताराला तीन रात्री. क्रोकोडाइल ब्रिज गेटमधून आत शिरा (लोअर साबी तिथून ३४ किमी) आणि ऑर्पेन गेटमधून बाहेर पडा (सताराहून ४८ किमी). दोन कॅम्पांमधलं अंतर साधारण ९० किमी आहे. ते एका दिवसात थांबत थांबत पार होतं. रोज नवा कॅम्प घेऊ नका. खोली सकाळी १० वाजता सोडावी लागते आणि नवी दुपारी २ ला मिळते. कॅम्प बदलायच्या दिवशी आवराआवर करून निघेपर्यंत पहाटेची सोन्यासारखी वेळ जाते.

निवासाचं वर्णन नीट वाचा. ‘हट’मध्ये कधी स्वच्छतागृह आणि स्वयंपाकघर सामायिक असतं आणि भांडी मिळत नाहीत. ‘बंगलो’मध्ये बहुतेकदा स्वतंत्र बाथरूम, फ्रिज, शेगडी आणि भांडी असतात. पण प्रत्येक कॅम्पमध्ये फरक आहे, तेव्हा गृहीत काही धरू नका.

खर्चात धरायची गोष्ट: निवासाशिवाय प्रत्येक माणसाचं रोजचं संवर्धन शुल्क वेगळं असतं. परदेशी प्रौढांसाठी ते ६०० रँडच्या (रँड हे तिथलं चलन) वर गेलं आहे आणि दरवर्षी वाढतं. चार प्रौढ आणि सहा रात्री म्हणजे १४,००० रँडहून जास्त. वाइल्ड कार्ड या वर्षभर चालणाऱ्या पासात हे शुल्क धरलेलं असतं, म्हणून त्याची किंमत आणि हा आकडा शेजारी मांडून पाहा.

## टप्पा ३: व्हिसा, लस आणि मलेरियाची गोळी

भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो. निदान दोन महिने हाताशी ठेवा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान ३० दिवस वैध हवा आणि त्यात कोरी पानं हवीत. मुलं बरोबर असतील तर आईवडील दोघांची नावं असलेला जन्मदाखला जवळ बाळगा. पालकांपैकी एकच जण जात असेल तर दुसऱ्याचं संमतिपत्रही. हे कागद बॅगेत तळाशी न टाकता हातातल्या पिशवीत ठेवा.

पिवळा ताप: भारतातून किंवा आखाती विमानतळांवरून गेलात तर ही लस लागत नाही. अदिस अबाबा किंवा नैरोबीला १२ तासांपेक्षा जास्त थांबा असेल, किंवा आधी केनिया पाहून पुढे जाणार असाल, तर लसीचं प्रमाणपत्र हवं. ते लस घेतल्यानंतर दहाव्या दिवसापासून ग्राह्य होतं, म्हणून निघायच्या आठवड्यात घेतलेली लस उपयोगाची नाही. स्वस्त तिकिटाच्या नादात लांब थांब्याचं विमान घेणाऱ्यांची इथे हमखास गफलत होते. केनियाची जोड देणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं की प्रमाणपत्र नसेल तर परतल्यावर भारतातही विलगीकरणात ठेवतात.

मलेरिया: क्रुगर मलेरियाच्या पट्ट्यात येतं. धोका ऑक्टोबर ते मे जास्त, हिवाळ्यात कमी. आपल्याकडची जुनी क्लोरोक्विनची गोळी तिथल्या मलेरियावर चालत नाही. डॉक्टर बहुधा दोहोंतलं एक औषध सुचवतील. अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल प्रवासाआधी एक-दोन दिवस सुरू करून परतल्यावर ७ दिवस घ्यायचं असतं. डॉक्सिसायक्लिन परतल्यावरही पूर्ण ४ आठवडे घ्यावं लागतं आणि त्याने उन्हाचा त्रास वाढू शकतो. लहान मुलं, गर्भवती आणि नेहमीची औषधं चालू असलेल्यांनी महिनाभर आधी डॉक्टरांना गाठावं. औषध मागवायलाही वेळ लागू शकतो.

गोळी घेतली म्हणून डासांकडे दुर्लक्ष करू नका. हे डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतात, म्हणजे नेमके तुम्ही व्हरांड्यात जेवायला बसता तेव्हा. लांब बाह्या, पायमोजे आणि डीईईटी हे डास दूर ठेवणारं रसायन असलेलं मलम वापरा.

## टप्पा ४: गाडी

वाहन डावीकडून चालवायचं असल्याने आपल्याला अडचण येत नाही. उद्यानातले मुख्य रस्ते डांबरी आणि दुय्यम रस्ते मुरमाचे असले तरी साधी सेडानही बहुतेक ठिकाणी जाते. फोर बाय फोरची गरज नाही. मात्र उंच बसायला मिळणारी एसयूव्ही घेतली तर गवतापलीकडचं दिसतं, आणि त्यासाठी जादा पैसे मोजणं योग्य आहे. पाच जण असाल तर मोठी गाडी किंवा दोन गाड्या घ्या. मागच्या सीटवर मधे बसलेल्या माणसाला सहा दिवस समोरच्याचं डोकं दिसतं. खिडकी प्रत्येकाला हवी.

लायसन्सबरोबर आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या. अनामत रकमेसाठी क्रेडिट कार्ड लागतं आणि ते मुख्य चालकाच्याच नावावर असावं लागतं. चालक दोन असतील तर दुसऱ्याचं नाव करारात आधीच घाला.

गाडी ताब्यात घेताना हे पाहूनच निघा:

- स्टेपनीत हवा आहे का. जॅक आणि पाना गाडीत आहेत का
- विम्यात टायर, काचा आणि गाडीचा तळ धरले आहेत का, मुरमाच्या रस्त्यावर विमा लागू आहे का
- चारही खिडक्या नीट खाली-वर होतात का
- आधीचे ओरखडे फोटोत घेतले का

सावधान: क्रोकोडाइल ब्रिजला शिरून ऑर्पेनने बाहेर पडलात तरी गाडी जिथे घेतली त्या जोहान्सबर्गलाच परत करा. दुसऱ्या शहरात सोडली तर वेगळे पैसे पडतात.

## टप्पा ५: सामान आणि शिधा

दुर्बीण माणशी एक. एकच दुर्बीण सगळ्यांत फिरवली की आपली पाळी येईपर्यंत बिबट्या खाली उतरलेला असतो. ८x४२ हा आकार पुरेसा आहे. कॅमेऱ्याला ४०० मिमीपर्यंतची लेन्स असली तर उत्तम. ट्रायपॉड गाडीत निरुपयोगी. त्याऐवजी कापडी पिशवी न्या, तिथे पोचल्यावर दोन किलो तांदूळ घेऊन भरा आणि खिडकीच्या काठावर ठेवून तिच्यावर लेन्स टेकवा. फोटो काढताना इंजिन बंद करा, नाहीतर थरथर चित्रात उतरते.

हिवाळ्यातली पहाट खरीच गार असते. उघड्या गाडीतल्या फेरीला कानटोपी, हातमोजे आणि जाड जाकीट हवंच. ‘आफ्रिका म्हणजे ऊन’ या समजुतीत गेलेले पहिल्याच सकाळी कुडकुडतात.

चार्जरचं सांगायलाच हवं. तिथले जुन्या धाटणीचे सॉकेट आपल्या गीझर-एसीच्या मोठ्या तीन गोल पिनांचे असतात. आपल्याकडे इलेक्ट्रिकच्या दुकानात १६ अँपिअरचा कन्व्हर्शन प्लग मिळतो. असे दोन न्या. विमानतळावरचे महागडे ‘युनिव्हर्सल’ अडॅप्टर अनेकदा त्या सॉकेटात बसतच नाहीत.

शाकाहारी मंडळींनी कॅम्पच्या दुकानावर भिस्त ठेवू नये. तिथे सरपणाची लाकडं, कोळसा, मांस, ब्रेड, अंडी, दूध मिळतं, भाजी बेताचीच. डाळ, तांदूळ, भाजी, फळं, दही अशी खरेदी जोहान्सबर्गच्या किंवा वाटेवरच्या म्बोम्बेला शहरातल्या सुपरमार्केटमध्ये करा. घरून न्यायचं तर पाकीटबंद तयार पदार्थ आणि कोरड्या चटण्या न्या. ताजी फळं, बियाणं, मांस आणि दुधाचे पदार्थ सीमेवर काढून घेतले जाऊ शकतात.

## टप्पा ६: जोहान्सबर्ग ते गेट

क्रोकोडाइल ब्रिज गेट जोहान्सबर्गहून सव्वाचारशे किमीच्या आसपास आहे. एन४ महामार्ग चांगला असला तरी पाच तास लागतातच आणि वाटेत टोलनाके आहेत. टोलवर परदेशी कार्ड चालेलच असं नाही, थोडे रँड रोख ठेवा.

रात्रभर विमानात बसून सकाळी उतरल्यावर लगेच गाडी हाणू नका. झोप नाही, गाडी नवी आणि रस्ता अनोळखी; त्यात अंधार पडला तर रस्त्यावर माणसं आणि गुरं येतात. पहिली रात्र विमानतळाजवळ किंवा म्बोम्बेलाला काढा आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत गेट गाठा.

सावधान: मोबाइलचा नकाशा कधीकधी नुम्बी गेटचा रस्ता सुचवतो. त्या रस्त्यावर पर्यटकांवर हल्ले झाले आहेत. मालेलाने, क्रोकोडाइल ब्रिज किंवा फाबेनी गेट स्वतः टाकून त्याच रस्त्याने जा.

गेटवर बुकिंगची प्रत, सगळ्यांचे पासपोर्ट आणि कार्ड दाखवायचं. मिळालेला परवाना जपून ठेवा, बाहेर पडताना तो मागतात. कॅम्पमध्ये मुक्काम नसेल आणि फक्त दिवसभरासाठी जाणार असाल तर प्रवेशाचं बुकिंगही आधी करा. रोज आत सोडायच्या माणसांची संख्या ठरलेली असते. ड्रोन बंदी आहे. दिवसभरासाठी येणाऱ्यांना दारू आत नेता येत नाही.

तिथेच छापील नकाशा विकत घ्या. मोबाइलला कॅम्पच्या आसपास रेंज असते, मधल्या पट्ट्यात ती जाते. नकाशात ‘एच’ म्हणजे मुख्य रस्ते, बहुतेक डांबरी. ‘एस’ म्हणजे दुय्यम, बहुतेक मुरमाचे.

## टप्पा ७: दिवसाची आखणी

वेगमर्यादा डांबरीवर ताशी ५० आणि मुरमावर ४० किमी आहे, आणि ती रडारने तपासली जाते. पण ही मर्यादा म्हणजे आपला वेग नव्हे. जनावरं पाहायची असतील तर ताशी २० ते ३० ठीक. थांबे धरून तासाला सरासरी २० किमीच धरा. म्हणजे ६० किमीच्या फेरीला तीन तास. दिवसाला १०० किमीच्या वरचा बेत कागदावरच खोडून टाका.

कॅम्पची दारं ठरलेल्या वेळीच उघडतात-मिटतात आणि वेळ महिन्यागणिक बदलते:

- मे ते जुलै: सकाळी ६ ते संध्याकाळी ५.३०
- ऑगस्ट-सप्टेंबर: सकाळी ६ ते संध्याकाळी ६
- नोव्हेंबर ते जानेवारी: कॅम्पमधून पहाटे ४.३० ला बाहेर पडता येतं, दारं ६.३० ला मिटतात

आपल्या तारखांची वेळ रिसेप्शनवर विचारून गाडीच्या डॅशबोर्डवर चिकटवा. उशीर झाला तर दंड होतो आणि कारण ऐकलं जात नाही. वाटेत हत्तींचा कळप रस्ता अडवून उभा राहिला तर अर्धा तास जातो, म्हणून परतीला हिशेबापेक्षा ४५ मिनिटं जास्त ठेवा.

दिवसाचा साचा असा:

1. दार उघडायच्या दहा मिनिटं आधी गाडी रांगेत. चहा थर्मासमध्ये, नाश्ता डब्यात. पहिल्या तासाभरात सिंह, तरस आणि रानकुत्रे रस्त्यावरच दिसू शकतात. ऊन चढलं की ते झुडपात शिरतात.
2. नऊच्या सुमाराला नाश्ता करायला पिकनिकच्या जागी. लोअर साबी-स्कुकुझा रस्त्यावर न्कुहलू आहे, सताराच्या वाटेवर त्शोक्वाने.
3. साडेदहा-अकरापर्यंत कॅम्पमध्ये. जेवण, झोप.
4. तीनच्या सुमाराला पुन्हा बाहेर, पण आता जवळच.

शेवटचा तास कॅम्पजवळच्या पाणवठ्यावर काढा. लोअर साबीपासून जेमतेम एक किमीवर सनसेट डॅम आहे: पाणघोडे, मगरी, बगळे, पाण्यावर येणारे हत्ती. दार मिटायला पंधरा मिनिटं उरली तरी तिथून घाई होत नाही. सताराजवळ ऑर्पेनच्या रस्त्यावर न्सेमानी डॅम असाच आहे.

तपासा: पेट्रोल अर्ध्याखाली आलं की कॅम्पमध्ये भरून घ्या. पिकनिकच्या जागी पंप नसतात.

## टप्पा ८: शोधायचं कसं

नवखे रस्त्याकडे आणि झुडपांच्या पृष्ठभागाकडे बघतात. नजर झाडीच्या आत न्या. अख्खं जनावर शोधू नका. आडवी रेघ शोधा, हलणारा कान शोधा, सावलीत न जुळणारा रंग शोधा. गाडीतल्यांनी बाजू वाटून घ्याव्यात: एक डावीकडे, एक उजवीकडे. चालकाने रस्ता बघावा.

बिबट्यासाठी नदीकाठच्या मोठ्या झाडांच्या आडव्या फांद्या एकेक करून तपासा. अनेकदा आधी दिसते ती खाली लोंबणारी शेपटी. साबी नदीकाठचा एच४-१ रस्ता यासाठी नावाजलेला आहे, पण तिथे गर्दीही तेवढीच. सकाळी लवकर तो घ्या आणि गर्दी वाढली की क्रोकोडाइल ब्रिजकडच्या एस२८ या मोकळ्या मैदानातल्या मुरमाच्या रस्त्याला लागा. सताराला सिंहांसाठी एस१०० घ्या, तोही दार उघडताक्षणी.

चितळ-सांबराचा कॉल ऐकून वाघाचा माग काढणाऱ्यांना इथली युक्ती लगेच जमेल. इम्पालाचा कळप चरायचं थांबवून एकाच दिशेला मान वळवून उभा असेल आणि फुरफुरत असेल, तर गाडी तिथेच थांबवा. कळपाकडे पाहू नका. कळप जिकडे पाहतोय तिकडे पाहा. झाडावर बसलेली गिधाडंही सांगतात की खाली शिकार आहे आणि शिकारी अजून उठलेला नाही.

थांबणं हीच सगळ्यांत कमी वापरली जाणारी युक्ती. पाणवठ्यावर काहीच दिसत नाही म्हणून दोन मिनिटांत गाडी फिरवणारे खूप. निदान ४० मिनिटं इंजिन बंद करून बसा. पाण्यावर यायच्या आधी जनावरं काठाच्या झाडीत बराच वेळ उभी राहून अंदाज घेतात. जिराफ तर पाय फाकवून मान खाली घालायच्या आधी कितीदा तरी मान वर करून पाहतो.

कॅम्पच्या रिसेप्शनजवळच्या फळ्यावर काल-आज काय कुठे दिसलं याच्या खुणा असतात. संध्याकाळी तो बघून उद्याची वाट ठरवा. गेंड्यांच्या खुणा मात्र तिथे मुद्दाम लावत नाहीत, कारण शिकारी टोळ्या हीच माहिती शोधत असतात. गेंडा दिसला तर फोटो जरूर काढा, पण फोनमधलं लोकेशन बंद ठेवा आणि जागा कुठेही लिहू नका. हे मनापासून पाळा. त्या जनावराचा जीव यावर असतो.

## टप्पा ९: हत्ती समोर आल्यावर

क्रुगरमध्ये गाड्यांवर सिंहाने हल्ला केल्याचं क्वचितच ऐकू येतं. खरी काळजी घ्यायची ती हत्तीची.

कळप रस्ता ओलांडत असेल तर लांबच थांबा, निदान ५० मीटर. शेवटचा हत्ती गेला असं वाटल्यावरही थांबा, कारण मागून पिल्लू आणि त्याची आई येऊ शकते. त्या दोघांच्या मधे गाडी गेली की आई चालून येते. कळपाला कापून पुढे जाऊ नका. मागे सरकायला जागा मोकळी ठेवा आणि हत्ती जवळ असताना इंजिन चालू ठेवा.

एकटा नर समोरून येताना त्याचं डोकं आणि मागचे पाय पाहा. डोळा आणि कानाच्या मधे ओली काळपट रेघ ओघळलेली, मागचे पाय आतून मूत्राने भिजलेले आणि उग्र वास: हा माजावर आलेला हत्ती. त्याच्याशी रस्त्याचा हक्क सांगायचा नाही. कान फैलावून डोकं झटकायच्या आधीच रिव्हर्स घ्या आणि हळूहळू मागे जात राहा, लागलं तर अर्धा किलोमीटर. हॉर्न वाजवणं, इंजिन रेटणं, हात बाहेर काढून व्हिडिओ घेणं यातलं काहीही करू नका. मागच्या गाडीला जागा देता यावी म्हणून दोन गाड्यांत अंतर आधीपासूनच ठेवा.

बाकी नियम थोडक्यात:

- कॅम्प, पिकनिकच्या जागा आणि पाटी लावलेली ठिकाणं सोडून गाडीतून उतरायचं नाही. ओलिफंट्सच्या मोठ्या पुलावर पिवळ्या रेघांच्या मधे उतरता येतं.
- सनरूफमधून किंवा खिडकीतून अंग बाहेर काढू नका. मुलांना हे आधी समजावा.
- रस्ता सोडून गवतात गाडी घालू नका.
- टायर पंक्चर झाला किंवा गाडी बंद पडली तर आतच बसा. येणाऱ्या गाडीला थांबवून जवळच्या कॅम्पला निरोप द्या. आपत्कालीन फोन नंबर पहिल्याच दिवशी रिसेप्शनवरून घेऊन ठेवा.

कॅम्पमधल्या माकडांनाही कमी लेखू नका. व्हर्वेट आणि बबून उघडी खिडकी आणि टेबलावरची साखर लगेच हेरतात. व्हरांड्यातल्या फ्रिजला कडी असते, ती दर वेळी लावा. कुंपणापाशी रात्री तरस येतात. त्यांना हाडं टाकू नका. खायला चटावलेलं जनावर पुढे गोळी घालून मारावं लागतं.

## टप्पा १०: रात्रीची फेरी आणि पायी चालणं

अंधारात स्वतःची गाडी बाहेर काढता येत नाही. त्यासाठी सॅनपार्क्सच्या उघड्या गाड्यांतून सूर्यास्ताची किंवा रात्रीची फेरी घ्या. साळिंदर, जेनेट (मांजरासारखा ठिपकेदार प्राणी), बुशबेबी (मोठ्या डोळ्यांचा, झाडावरचा छोटा प्राणी), शिकारीला निघालेला बिबट्या यांच्यासाठी हाच मार्ग. निदान एक फेरी घ्या, तीही मुक्कामाच्या पहिल्या किंवा दुसऱ्या संध्याकाळी, म्हणजे गाइडला प्रश्न विचारून पुढच्या दिवसांचे रस्ते ठरवता येतात. वयाची किमान अट ६ वर्षं.

पहाटेचं पायी चालणं दोन बंदूकधारी गाइडसोबत, जास्तीत जास्त आठ जणांच्या गटात होतं. १२ वर्षांखालच्यांना नेत नाहीत. मोठी जनावरं दिसतीलच अशी अपेक्षा ठेवू नका. ठसे, विष्ठा, मुंग्यांची वारुळं आणि वाऱ्याची दिशा कशी वाचायची ते तिथे शिकायला मिळतं. मातकट रंगाचे कपडे घाला. पांढरा आणि भडक रंग नको. जागा मोजक्या असतात, निवासाबरोबरच बुकिंग करा.

## टप्पा ११: बाहेर पडताना आणि घरी आल्यावर

सताराहून ऑर्पेन गेटपर्यंत ४८ किमीला दोन तास धरा आणि पुढे जोहान्सबर्गला सहा. त्याच संध्याकाळचं विमान घेऊ नका. एखादा अपघात किंवा रस्त्याचं काम लागलं की विमान चुकतं. शेवटची रात्र विमानतळाजवळ काढा.

मलेरियाची गोळी घरी आल्यावर ठरलेले दिवस पूर्ण घ्या. बरेच जण इथेच सोडतात. उद्यानात गेल्यापासून आठवडाभरानंतर आणि पुढचे काही महिने कधीही ताप आला, अगदी गोळ्या पूर्ण घेतल्या असल्या तरी, त्याच दिवशी रक्त तपासा. डॉक्टरांना आपण होऊन सांगा की आफ्रिकेतल्या मलेरियाच्या भागात जाऊन आलो आहोत. तिथला मलेरिया मुख्यतः फाल्सिपेरम जातीचा असतो आणि उपचाराला दोन-तीन दिवसांचा उशीरही जिवावर बेतू शकतो. पहिली तपासणी निगेटिव्ह आली आणि ताप उतरला नाही, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करून घ्या.